भांडं कशाचं? फ्यूजनच्या ‘स्वच्छ’ या विशेषणाची तपासणी



मागच्या वर्षी याच व्यासपीठावरून आम्ही ऊर्जा आणि नीती या विषयावर बोललो होतो. त्या भाषणात आमचं एक वाक्य असं होतं, की फ्यूजन म्हणजे सूर्याची आग पृथ्वीवर आणणं. तिचं इंधन समुद्राच्या पाण्यात आहे, तिला धूर नाही, राख नाही, कचरा नाही. वाक्याला टाळ्या पडल्या. ज्या गावाच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याची धुरांडी उभी आहेत, तिथे ‘राख नाही’ या शब्दांना टाळ्या पडणारच.

प्रश्नोत्तरांच्या वेळी मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. आयुष्यभर वीज केंद्रात वाफेच्या नळ्यांचं वेल्डिंग करून निवृत्त झालेले. म्हणाले, “सर, आमच्या नळ्या सहाशे डिग्रीच्या आतबाहेर फाटतात. तुमची आग कोटी डिग्रीची. मग भांडं कशाचं राहील?” आम्ही पुस्तकी उत्तर दिलं. भांडं चुंबकाचं, प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रात अधांतरी फिरतो, भिंतीला शिवत नाही. ते क्षणभर थांबले अन् म्हणाले, “मग आगीच्या अन् चुंबकाच्या मधात काय राहते?”

आमच्याजवळ उत्तर नव्हतं. वेळ संपल्याचं निमित्त करून आम्ही सुटलो. पण तो प्रश्न काही सुटला नाही. वर्षभर वाचलं, धातुशास्त्र शिकवणाऱ्या मित्रांना त्रास दिला. आजचं व्याख्यान म्हणजे त्या गृहस्थांना द्यायचं राहिलेलं उत्तर आहे, आणि आमच्याच त्या वाक्याची समीक्षाही आहे.

समीक्षा म्हटली की लोकांना कविता-कादंबरी आठवते. पण वाक्याचीही समीक्षा होते. १९९० मध्ये दि. य. देशपांडे यांनी याच नागपुरातून ‘आजचा सुधारक’ सुरू केला. त्या मासिकानं लावलेली एक सवय अशी, की गोड वाटणारा शब्द दिसला की आधी त्याचा अर्थ विचारायचा. ती सवय आम्ही दुसऱ्यांच्या वाक्यांना लावली, स्वतःच्या वाक्याला लावायला विसरलो. तेव्हा आज विचारू, ‘स्वच्छ’ हे विशेषण नेमकं कोणाचं? आगीचं, की भट्टीचं?

आगीचं म्हणाल तर बरंच खरं आहे. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम ही हायड्रोजनची दोन भावंडं एकत्र येतात, हेलियम तयार होतो आणि एक न्यूट्रॉन बाहेर पडतो. हेलियम निरुपद्रवी. कार्बन नाही, राख नाही. पण ऊर्जेचा हिशोब बघा. एकूण ऊर्जेपैकी सुमारे ८० टक्के ऊर्जा तो न्यूट्रॉन घेऊन जातो. न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो, म्हणून चुंबक त्याला अडवू शकत नाही. तो सरळ जाऊन भिंतीत घुसतो, आणि तिथे त्यानं घुसावं हीच आपली इच्छा असते. कारण त्याच्याच उष्णतेवर वाफ करायची आणि त्याच्याच आघातानं लिथियमपासून नवा ट्रिटियम बनवायचा. ट्रिटियमचं अर्धायुष्य सुमारे १२ वर्षांचं, निसर्गात तो जवळजवळ नाहीच. म्हणजे ‘इंधन समुद्रात आहे’ हे आमचं म्हणणंही अर्धंच होतं. ड्यूटेरियम समुद्रात आहे, ट्रिटियम भिंतीत तयार करावा लागतो.

तर आगीच्या अन् चुंबकाच्या मधात ही भिंत राहते. आणि ती प्रामुख्यानं पोलादाची आहे.

१९५५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हाला अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगांवर परिषद झाली. होमी भाभा अध्यक्ष होते. त्यांनी भाषणात भाकीत केलं, की नियंत्रित संमीलनाची रीत दोन दशकांत सापडेल. आज सत्तर वर्षं झाली. आम्ही भाभांना दोष देत नाही. आशा बाळगण्याचा त्यांना अधिकार होता. उशीर मुख्यतः आग कोंडण्याच्या अडचणीमुळे झाला. पण आग थोडीफार कोंडता येऊ लागली तसतसा भिंतीचा प्रश्न पुढे आला. लोकप्रिय लेखनात मात्र अजून सगळी जागा आगीलाच मिळते.

आता पोलादाकडे येऊ. हे पोलाद कुठलं परग्रहावरचं नाही. सुपरक्रिटिकल औष्णिक केंद्रांत वाफेच्या नळ्यांसाठी एक मिश्रपोलाद सर्रास वापरतात. त्यात सुमारे ९ टक्के क्रोमियम, १ टक्का मॉलिब्डेनम आणि थोडं व्हॅनेडियम व नायोबियम असतं. वेल्डर मंडळी त्याला पी-९१ म्हणून ओळखतात. जोड देण्याआधी तापवा, नंतर पुन्हा तापवा, नाहीतर चिरतं, असं नखरेल पोलाद. फ्यूजनचं पोलाद या पी-९१ चं चुलत भावंड आहे. मागच्या रांगेतल्या गृहस्थांनी ज्या धातूवर आयुष्य काढलं, त्याच घराण्यातला धातू आम्ही सूर्याच्या गोष्टीत विसरलो होतो.

भावंड का, तेच का नाही? कारण न्यूट्रॉन. न्यूट्रॉन गिळला की काही मूलद्रव्यं किरणोत्सारी होतात, आणि ती किती काळ तशी राहतात हे त्या त्या मूलद्रव्यावर अवलंबून असतं. आपल्या भागातलं उदाहरण घ्या. भंडारा-बालाघाटच्या पट्ट्यातलं मँगनीज आपल्याला परिचयाचं. मँगनीजनं न्यूट्रॉन गिळला तर तयार होणाऱ्या समस्थानिकाचं अर्धायुष्य असतं सुमारे अडीच तास. दुसऱ्या दिवशी प्रकरण मिटलं. नायोबियमनं गिळला तर अर्धायुष्य सुमारे २० हजार वर्षं. न्यूट्रॉन तोच, पोलाद तेच; एका घटकाचा हिशोब तासांत होतो, दुसऱ्याचा संस्कृतींच्या वयात.

म्हणून १९८० च्या दशकापासून धातुशास्त्रज्ञांनी अदलाबदल सुरू केली. मॉलिब्डेनमच्या जागी टंगस्टन, नायोबियमच्या जागी टँटलम, आणि निकेलला शक्यतो मज्जाव. युरोपचं युरोफर, जपानचं एफ-८२-एच ही अशी पोलादं. आणि भारताचंही आहे. कल्पाक्कमचं इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि हैदराबादची मिधानी यांनी मिळून ते घडवलं. त्यात १.४ टक्के टंगस्टन आणि ०.०६ टक्के टँटलम ठेवलं आहे. निर्वात भट्टीत ते वितळवायचं, कारण खरी मेहनत घालण्यापेक्षा न घालण्याची आहे. पी-९१ मध्ये नायोबियम ०.०६ ते ०.१ टक्का मुद्दाम घालतात. इथे ते दशलक्षात काही थोड्या भागांवर आणायचं. आधीच्या ओताचा अंश भट्टीत राहिला, भंगार नीट निवडलं नाही, तर तेवढ्यानं हिशोब बिघडतो. वैशेषिकांनी ‘अभाव’ हाही पदार्थ मानला होता. वर्गात शिकवताना मुलांना ते शब्दांचे खेळ वाटायचे. या पोलादाची प्रतवारी मात्र त्यात काय नाही यावरूनच होते.

आता मुद्द्याचं. या पोलादाला इंग्रजीत जे नाव दिलं आहे त्याची सुरुवातच ‘रिड्यूस्ड ॲक्टिव्हेशन’ अशी होते. म्हणजे ‘कमी केलेलं सक्रियण’. ‘शून्य’ असं कोणी म्हटलं नाही. ज्यांनी पोलाद ओतलं त्यांनी ‘कमी’ हा शब्द नावातच कोरून ठेवला. तो शब्द गाळला कोणी? प्रसिद्धीपत्रकानं गाळला, वर्तमानपत्रानं गाळला, आणि आमच्यासारख्या व्याख्यात्यानं व्यासपीठावरून गाळला. प्रयोगशाळेतून सभागृहापर्यंत येता येता ‘कमी’चं ‘नाही’ झालं. लोकांना सोपं करून सांगावं लागतं, ही सबब आम्हीही वापरली आहे. पण ‘कमी’ हा शब्द काही कठीण नाही. तो ठेवल्यानं वाक्य अवघड होत नाही, फक्त टाळ्या थोड्या कमी पडतात.

कमी म्हणजे किती, हेही विचारायला हवं. अपेक्षा अशी, की शंभरेक वर्षं ठेवलं तर हे पोलाद कमी पातळीच्या कचऱ्यात मोडावं, जमल्यास पुन्हा वापरता यावं. विखंडनाच्या भट्टीतल्या जळालेल्या इंधनाशी तुलना केली तर ही फार मोठी सुधारणा आहे, हे मनापासून मान्य. पण ‘कमी पातळी’ ही निसर्गातली रेघ नाही, ती कायद्यातली रेघ आहे. प्रत्येक देशाची रेघ वेगळी. पोलादाला बळ यावं म्हणून त्यात थोडा नायट्रोजन ठेवतात. त्या नायट्रोजनपासून कार्बन-१४ बनतो, अर्धायुष्य ५,७०० वर्षांहून थोडं अधिक. त्यामुळे तोच तुकडा एका देशाच्या नियमात कमी पातळीचा आणि दुसऱ्याच्या नियमात मध्यम पातळीचा ठरू शकतो. म्हणजे ‘स्वच्छ’ हा शब्द वापरणाऱ्यानं कोणाच्या रेघेनुसार, हे सांगितलं पाहिजे.

पोलादानंतर लेप. हा भाग समजायला आम्हाला आमचं बालपण उपयोगी पडलं. इतवारीत आमच्या वाड्यासमोर कल्हईवाला बसायचा. पितळेच्या भांड्यात आमटी-ताक कळकतं, म्हणून आतून कथलाचा हात. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, धूर निघायचा, कथील लावून कापसाच्या बोळ्यानं फिरवायचं. भांडं चकाकायचं. आणि वर्षाच्या आत पुन्हा कल्हई.

फ्यूजनच्या भिंतीतही अशीच कल्हई हवी आहे. भारतानं आयटर प्रकल्पासाठी मांडलेल्या चाचणी-रचनेत शिसे आणि लिथियमचं वितळलेलं मिश्रण या पोलादाच्या वाहिन्यांतून खेळवायचं होतं. मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रातही या वितळलेल्या मिश्रणावर काम झालं आहे. हे वाहतं मिश्रण गरम पोलादातलं लोह आणि क्रोमियम विरघळवत नेतं. ५५० अंशांच्या आसपास वर्षाला शेकडो मायक्रोमीटर जाडी खरवडली जाऊ शकते. दुसरं, तयार झालेला ट्रिटियम गरम पोलादातून पाझरतो, माठातून पाणी पाझरावं तसा. तिसरं, चुंबकीय क्षेत्रातून वितळलेला धातू वाहिला की त्यात वीजप्रवाह निर्माण होतो आणि तो प्रवाह वाहण्यालाच विरोध करतो. अॅल्युमिना किंवा अर्बियम ऑक्साइडसारखा काही मायक्रोमीटरचा लेप या तिन्ही गोष्टींना आवर घालू शकेल, अशी योजना आहे. एकाच कल्हईकडून तीन कामं.

पण अॅल्युमिना तापल्यावर फुगतो त्यापेक्षा पोलाद जास्त फुगतं. भट्टी तापते, निवते, पुन्हा तापते, आणि लेपाला सूक्ष्म भेगा पडतात. प्रयोगशाळेत लेपानं पाझर शेकडो-हजारोपट कमी झाल्याचे आकडे मिळाले. अणुभट्टीच्या किरणोत्सारात चाचणी झाली तेव्हा तो फायदा खूपच उतरला. आणखी एक अडचण म्हणजे या आगीतले न्यूट्रॉन अॅल्युमिनियमपासून असा समस्थानिक बनवतात ज्याचं अर्धायुष्य सात लाख वर्षांहून अधिक आहे. म्हणजे भिंत वाचवायला लावलेला लेप हिशोबात स्वतःची भर घालतो, म्हणून तो पातळच ठेवावा लागतो.

तत्त्वज्ञानाच्या माणसाला इथे संयोग आणि समवाय आठवल्याशिवाय राहत नाहीत. दोन द्रव्यं वेगळी असतात, एकत्र येतात, पुन्हा वेगळी होऊ शकतात, तो संयोग. तंतू आणि वस्त्र यांचं जे वेगळं न करता येणारं नातं, तो समवाय. लेप आणि पोलाद यांच्यात आपण घडवतो संयोग आणि अपेक्षा करतो समवायाची. ती पुरी होईल का हे सूत्रं सांगत नाहीत, वर्षानुवर्षांचा वापरच सांगतो.

आणि हे फक्त भविष्याचं नाही, एकदा भोवलंही आहे. फ्रान्सच्या दक्षिणेला आयटर उभी राहत आहे. आपला देश तिचा भागीदार आहे. तिच्या पात्राच्या आणि अतिशीत चुंबकांच्या मध्ये स्टेनलेस स्टीलचं एक उष्णतारोधक कवच असतं. ते तळपत्या भिंतीपैकी नाही, न्यूट्रॉन येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. उष्णता कमी उत्सर्जित व्हावी म्हणून त्या कवचावर चांदीचा मुलामा दिला होता. २०२१ मध्ये त्याच्या थंड करणाऱ्या नळ्यांत गळती सापडली, २०२२ मध्ये कारण जाहीर झालं. मुलाम्याच्या प्रक्रियेत वापरलेल्या रसायनातलं क्लोरीन वेल्डजवळच्या बारीक खाचांत राहून गेलं होतं, आणि नळी वाकवताना-जोडताना आलेल्या ताणाच्या साथीनं त्यानं स्टीलला भेगा पाडल्या. सुमारे २३ किलोमीटर नळ्यांचा प्रश्न उभा राहिला. आमचा कल्हईवाला नवसागर वापरायचा. नवसागरातही क्लोरीनच असतं. काम झालं की तो भांडं पाण्यानं खळखळून धुवायचा. जगातल्या सर्वांत गुंतागुंतीच्या यंत्राची अडचण इतवारीतल्या त्या बैठकीपासून फार लांब नव्हती. हे आम्ही कोणाला हिणवायला सांगत नाही. ज्यांची चूक त्यांनीच ती शोधली आणि उघड सांगितली. आम्ही आमचं वाक्य कधी असं उघडं केलं होतं?

याच आयटरच्या संदर्भात आपल्या वर्तमानपत्रांनी एका भांड्याचं भरपूर कौतुक केलं, आणि ते रास्त आहे. हजिऱ्याला लार्सन अँड टुब्रोनं घडवलेला क्रायोस्टॅट, ३,८५० टनांच्या घरातला. पण ते सगळ्यात बाहेरचं भांडं. आमच्या गृहस्थांनी विचारलं होतं आतलं. त्याच्या बातम्या होत नाहीत, कारण दाखवण्यासारखं काही नसतं. एक चकती, तिच्यावर राखाडी थर, आणि सूक्ष्मदर्शकाखाली भेग आहे की नाही एवढंच.

शेवटचा मुद्दा अनुमानाचा. हे पोलाद टिकेल, असं आज कशावरून म्हणतात? मुख्यतः विखंडनाच्या भट्टीत ठेवून केलेल्या चाचण्यांवरून. नुकसान मोजायचं एक परिमाण आहे: धातूतला प्रत्येक अणू सरासरी किती वेळा जागेवरून हुसकला गेला. आयटरमध्ये तिच्या सगळ्या आयुष्यात हा आकडा ३ च्या आत राहील. पुढच्या प्रात्यक्षिक भट्टीला पहिल्या टप्प्यात २० आणि नंतर ५० पर्यंत जायचं आहे. विखंडनाच्या भट्टीत एवढे आघात देता येतात. पण एक फरक राहतो. फ्यूजनचा न्यूट्रॉन १४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, विखंडनाचा सरासरी २ च्या आसपासचा. त्या जोरामुळे पोलादाच्या आतच हेलियम तयार होतो आणि बुडबुडे धरून बसतो. तेवढ्याच आघातांमागे विखंडनाच्या भट्टीत होणारा हेलियम दशांशाहूनही कमी.

न्यायशास्त्रात याला अचूक शब्द आहे: उपाधी. धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. अग्नी आहे म्हणून धूर आहे, हे चूक, कारण तिथे ओलं सरपण ही लपलेली अट आहे. आणि गंमत बघा, अग्नी असून धूर नाही याचं शास्त्रकारांनी दिलेलं उदाहरण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचं आहे. तर ‘विखंडनात टिकलं म्हणून संमीलनात टिकेल’ या अनुमानाला हेलियम ही उपाधी आहे. शास्त्रज्ञांना हे पुरतं ठाऊक आहे. म्हणून तर स्पेनमध्ये ग्रानाडाजवळ, वितळलेल्या लिथियमवर ड्यूटेरॉनांचा झोत मारून त्या प्रतीचे न्यूट्रॉन देणारी एक चाचणी-सुविधा उभारली जात आहे. निष्कर्ष लांबणीवर टाकून परीक्षेची सोय आधी करणं, हे चांगल्या तर्काचं लक्षण. निष्कर्ष आधीच वाटून टाकण्याचं काम आम्ही वक्त्यांनी केलं.

मग काय, हे सगळं सोडून द्यावं? मुळीच नाही. कोळशाच्या राखेसमोर, हजारो वर्षांच्या इंधन-कचऱ्यासमोर, शंभर वर्षांत बरंच निवणारं पोलाद ही झगडून मिळवण्याजोगी गोष्ट आहे. आमची तक्रार प्रयत्नाबद्दल नाही, विशेषणाबद्दल आहे. ‘कचरा नाही’ असं ऐकून मोठी झालेली पिढी उद्या पहिल्या भट्टीची भिंत बदलताना बघेल. ती भिंत दर काही वर्षांनी बदलावीच लागणार आहे. यंत्रमानवांच्या हातांनी काढलेले ते किरणोत्सारी तुकडे बघून तिला वाटेल की आपल्याला फसवलं. मग ‘कमी’ करण्यासाठी ज्यांनी हयात घातली त्यांच्यावरही ती विश्वास ठेवणार नाही. नागपूरकरांना हे सांगायला नको. कोळशाची वीज आली तेव्हा दिव्यांबद्दल भाषणं झाली असतील, राखेबद्दल कोणी बोललं असेल असं वाटत नाही.

म्हणून मागच्या वर्षीचं वाक्य आम्ही मागे घेतो. त्याच्या जागी हे ठेवतो: फ्यूजनच्या आगीची राख हेलियमची, पण तिच्या भट्टीचं पोलाद किरणोत्सारी होतं. ते शंभरेक वर्षांत बरंच निवावं अशा बेतानं घडवलं जात आहे, त्याला जपणारे लेप शोधले जात आहेत, आणि खऱ्या न्यूट्रॉनांखाली दोन्हींची पुरती परीक्षा अजून व्हायची आहे.

वाक्य लांबलं, ठाऊक आहे. व्याख्यानात घेता येत नसेल तर अर्धं घ्या, पण ‘कमी’ हा शब्द गाळू नका.

आम्ही थांबतो. प्रश्नांना अर्धा तास ठेवला आहे, या वेळी वेळेचं निमित्त करणार नाही. मागच्या रांगेतले ते गृहस्थ आज आले असतील तर पहिला प्रश्न त्यांचा.